माल्टा पाच दिवसांत: ठिकाणं गाळण्याआधी क्रम लावा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: मे महिन्याच्या अखेरीस आई-बाबांना घेऊन माल्टाला जायचंय, हातात पूर्ण पाच दिवस आहेत, बाबांचा गुडघा दुखरा आहे, आई पक्क्या शाकाहारी आहेत आणि तुमच्या यादीत एकोणीस ठिकाणं झाली आहेत. त्यातली कुठली गाळू, असं तुम्ही विचारलंय. आणि शेवटी जाता जाता लिहिलंय की बाबांना इतिहासाची आवड आहे, नुसते फोटो काढून परत यायचं नाही. मला तुमचा खरा प्रश्न त्या शेवटच्या वाक्यात दिसतो.

मी छोटे गट घेऊन भूमध्य समुद्राकडे जाते. गटात बहुतेक मराठी मंडळी, बरीचशी साठीच्या पुढची. या भागातल्या बेटांमध्ये माल्टा मला सगळ्यात आवडतं आणि सगळ्यात फसवंही वाटतं. फसवं अशासाठी की नकाशावर सगळं हाकेच्या अंतरावर दिसतं. मुख्य बेट जेमतेम २७ किलोमीटर लांब आणि साडेचौदा किलोमीटर रुंद. त्यामुळे माणूस म्हणतो, सकाळी हे, दुपारी ते, संध्याकाळी आणखी एक. आणि ते होतंही. फक्त सकाळी साडेपाच हजार वर्षांपूर्वीचं देऊळ, अकराला सोळाव्या शतकातलं चर्च, जेवणानंतर दुसऱ्या महायुद्धातलं भुयार आणि चारला पुन्हा देऊळ असं फिरलं की रात्री हॉटेलात सगळ्याची खिचडी झालेली असते. इतिहासाची आवड असलेल्या माणसाला याचाच जास्त त्रास होतो.

म्हणून माझं म्हणणं असं, की गाळण्याचं नंतर बघू, आधी क्रम लावा. माल्टात कुठलं ठिकाण कुठल्या ठिकाणाच्या आधी पाहिलं यावर ते कळणार की नाही हे ठरतं. क्रम लागला की काय गाळायचं ते वेगळं विचारावं लागत नाही.

तरी काही गोष्टी तुमच्याच हातात आहेत. बाबांना चालण्याचा त्रास आहे की पायऱ्यांचा, हे नीट विचारून घ्या. माल्टात अंतरं कमी आणि पायऱ्या फार. व्हॅलेटा ही राजधानी उंच खडकाळ सोंडेवर वसवलीये, गल्ल्या आखीव चौकटीत आहेत, पण मधल्या रस्त्यावरून बंदराकडे उतरणाऱ्या बऱ्याच गल्ल्या म्हणजे सरळ दगडी जिने आहेत. दोन किलोमीटर सपाट चालणारा माणूस तिथे दोनशे पावलांत थकतो. दुसरं, तुमचे पाच दिवस आठवड्यातले कुठले आहेत? रविवार असेल तर त्या दिवशी काय ठेवायचं हे वेगळं ठरवावं लागेल. तिसरं, हायपोजियमची तिकिटं मिळणार की नाही. या तिसऱ्या गोष्टीवर बाकी सगळं अवलंबून आहे, म्हणून तिथूनच सुरू करते.

हाल सफ्लिएनीचं हायपोजियम म्हणजे खडकात खाली खाली कोरत नेलेली तीन मजल्यांची भूमिगत दफनभूमी. वर गजबजलेल्या पाओला गावातली साधी घरं, आणि खाली पाच हजारांहून जास्त वर्षांपूर्वीच्या माणसांनी दगड आणि शिंगांच्या हत्यारांनी कोरलेल्या खोल्या. १९०२ मध्ये घरं बांधताना ते सापडलं. साधारण ७००० माणसांचे अवशेष तिथे होते असा अंदाज आहे. काही छतांवर अजून गेरूने काढलेली लाल वर्तुळं-वेटोळी दिसतात. तो रंग टिकावा म्हणून आतली हवा, दमटपणा, उजेड सगळं नियंत्रित केलंय. माणसाच्या श्वासानेही नुकसान होतं, त्यामुळे एका वेळी दहा जण आणि दिवसाला आठ फेऱ्या, म्हणजे दिवसभरात ऐंशीच माणसं आत जातात. फोटो काढायला परवानगी नाही. मोसमात तिकिटं कित्येक आठवडे आधी संपतात. आदल्या दिवशी प्रत्यक्ष खिडकीवर विकली जाणारी मोजकी जागा असते, ती महाग पडते आणि तिच्या भरवशावर आई-बाबांना रांगेत उभं करू नये असं मला वाटतं. तेव्हा विमानाच्या तिकिटांनंतर लगेच हे तिकीट काढा, आणि जो दिवस मिळेल त्याच्याभोवती बाकीचे चार दिवस बसवा. आत जिने आहेत, उजेड मंद आहे, पण फेरी तासाभराच्या आत संपते. कठडे धरून सावकाश चालणाऱ्या माणसाला जमण्यासारखं आहे. बाबांना जिना उतरताना आधार लागत असेल तर मात्र आधी विचार करा, कारण मधूनच परत फिरता येत नाही.

आता क्रम. पहिल्या दिवशी कुठेही लांब जाऊ नका. व्हॅलेटातल्या रिपब्लिक स्ट्रीटवर राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालय आहे. नाइट म्हणजे इथे राज्य केलेले ख्रिस्ती सरदार (त्यांची गोष्ट तिसऱ्या दिवशी), त्यांच्या एका जुन्या वसतिगृहाच्या इमारतीत ते आहे. बरेच प्रवासी ते शेवटच्या दिवशी, वेळ उरला तर, म्हणून ठेवतात. मी ते पहिल्या सकाळी ठेवते. कारण असं की माल्टाच्या प्राचीन देवळांमधल्या नाजूक वस्तू आणि बरेचसे मूळ कोरीव दगड उन्हापावसापासून वाचवण्यासाठी इथे आणून ठेवलेत. तार्शिनच्या देवळात तुम्हाला एका भव्य स्त्रीमूर्तीचा कमरेखालचा भाग दिसेल, तो नक्कल आहे. मूळ इथे. हायपोजियममध्ये सापडलेली ‘झोपलेली स्त्री’ ही मातीची मूर्ती इथेच आहे. जेमतेम बारा सेंटिमीटरची, कुशीवर झोपलेली, डोक्याखाली हात, इतकी निवांत की पाच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाबद्दलच्या आपल्या कल्पना बदलतात. हे आधी पाहिलं असेल तर देवळात गेल्यावर रिकाम्या कोनाड्याकडे पाहून ‘इथे ते होतं’ असं डोळ्यांपुढे येतं. नाहीतर देवळं म्हणजे नुसते मोठे दगड. ‘तासाभरात कंटाळा आला’ असं देवळांबद्दल सांगणाऱ्या मंडळींनी संग्रहालय पाहिलेलं नसतं, हा माझा नेहमीचा अनुभव.

त्या दिवशी संध्याकाळी अप्पर बराक्का बागेत जा. तिथून सगळं मोठं बंदर आणि पलीकडची तीन जुनी गावं एका नजरेत दिसतात. खालच्या बुरुजावरून दुपारी १२ आणि ४ वाजता तोफ उडवतात, ते जमलं तर बघा. पण त्यासाठी धावपळ करू नका, आवाज एवढा मोठा असतो की शहरात कुठेही असलात तरी ऐकू येईल.

दुसऱ्या दिवशी सकाळी, दार उघडताच, हाजार ईम आणि इम्नायद्रा. (पाट्यांवरचं स्पेलिंग आणि उच्चार यांचा मेळ बसत नाही, बसचालकाला नाव सांगण्याऐवजी फोनवर लिहिलेलं दाखवा.) दोन्ही देवळं दक्षिण किनाऱ्याच्या कड्यावर आहेत, समोर समुद्र, झाडांची सावली जवळजवळ नाही. २००९ पासून दोन्ही देवळांवर मोठे पांढरे तंबू ताणलेत. फोटो बिघडतात म्हणून लोक कुरकुरतात. पण दगडाकडे बघितलं की तंबू का ते समजतं. माल्टात मुख्यतः दोन प्रकारचा चुनखडक मिळतो. एक मऊ, मधासारख्या रंगाचा, हत्याराने सहज घडवता येणारा. दुसरा कठीण, करडा, खडबडीत. हाजार ईम सगळं मऊ दगडाचं आहे, म्हणून त्याचे कडे आणि बाहेरचे चिरे वाऱ्या-पावसाने खाऊन टाकलेत. त्याच डोंगरउतारावर खाली असलेल्या इम्नायद्राची बाहेरची भिंत कठीण दगडाची आहे आणि आतलं कोरीव काम मऊ दगडातलं, त्यामुळे ते कितीतरी चांगलं टिकलंय. हा फरक बाबांना तिथे उभं राहून दाखवा. पुढे व्हॅलेटातल्या प्रत्येक भिंतीवर, प्रत्येक झिजलेल्या कोपऱ्यावर तोच मऊ दगड दिसेल आणि ते आपणहून दाखवायला लागतील.

इम्नायद्राच्या दक्षिणेकडच्या देवळाचं तोंड असं ठेवलंय की वर्षातून दोनदा, दिवस आणि रात्र समान असतात तेव्हा, उगवत्या सूर्याचा किरण दारातून सरळ आतल्या गाभाऱ्यापर्यंत जातो. मे अखेरीस हे दिसणार नाही, पण दाराच्या रेषेत उभं राहिलं की मांडणी कळते. ही देवळं बांधणाऱ्यांकडे धातू नव्हता. हाजार ईमपासून इम्नायद्रा साधारण अर्ध्या किलोमीटरवर आहे आणि जाताना उतार आहे. म्हणजे येताना, उन्हात, चढ. गुडघ्याचा विचार करून मी म्हणेन की आधी खाली जाऊन या, मग वरचं सावकाश पाहा. वर स्वागतकक्षात छोटं प्रदर्शन आहे, बसायला जागा आहे, खानपान आहे.

दुपारी हॉटेलवर परत या. हे मी आळस म्हणून सांगत नाही. मे अखेरीस दुपारी ऊन चांगलंच लागतं आणि दगड तापतात. चारनंतर इम्दिनाला जा. ही बेटाची जुनी राजधानी, टेकडीवर, तटबंदीच्या आत. ८७० मध्ये अरबांनी माल्टा घेतलं, त्यांनीच हे शहर आजच्या आकारात आवळून तटबंद केलं आणि बाहेर उरलं ते रबात. १६९३ च्या भूकंपात बरीच पडझड झाली. आजचं कॅथेड्रल त्यानंतरचं, लोरेन्झो गाफा या माल्टीज वास्तुविशारदाचं. आत राहणारी कुटुंबं मोजकी आणि वाहनांना बंदी जवळजवळ पूर्ण. दिवसा टूर बसमधले लोक गल्ल्या भरून टाकतात. पाचनंतर ते निघून जातात. रस्ते सपाट आहेत, म्हणून दुखऱ्या गुडघ्याला हे व्हॅलेटापेक्षा सोपं. रबातमधली संत पॉलची भूमिगत कबरस्थानं बाबांना आवडतील, पण ती पाचच्या सुमाराला बंद होतात आणि आत वाकून चालावं लागतं. हायपोजियम मिळालं असेल तर ती सोडा.

तिसरा दिवस बिर्गूचा, म्हणजे बंदरापलीकडच्या त्या तीन जुन्या गावांतल्या एकाचा. इथे क्रम सगळ्यात महत्त्वाचा आहे आणि इथेच सगळे उलटं करतात. व्हॅलेटा आधी पाहतात, मग बोटीने ‘ती तीन गावं’ उरकतात. पण व्हॅलेटा का बांधलं हे बिर्गूतून बघितल्याशिवाय कळत नाही. सेंट जॉनचे नाइट म्हणजे आजाऱ्यांची सेवा आणि लढाई अशी दोन्ही कामं करणारा ख्रिस्ती सरदार-संन्याशांचा पंथ. ऱ्होड्स बेट तुर्कांनी घेतल्यावर त्यांना घर नव्हतं. १५३० मध्ये पाचव्या चार्ल्स बादशहाने त्यांना माल्टा दिलं, वर्षाला एक बहिरी ससाणा एवढ्या नाममात्र खंडावर. इम्दिनात स्थानिक सरदार घराणी होती आणि या लोकांचं बळ आरमारात होतं, म्हणून ते बंदराच्या काठी बिर्गूत राहिले. १५६५ च्या मे महिन्यात ऑटोमन आरमार आलं. समोरच्या ओसाड डोंगरसोंडेवर, जिथे आज व्हॅलेटा आहे, तुर्कांनी तोफा चढवल्या. सोंडेच्या टोकाचा सेंट एल्मो किल्ला महिनाभर झुंजून २३ जूनला पडला. बिर्गू आणि शेजारचं सेंगलिया मात्र सप्टेंबरपर्यंत टिकलं आणि वेढा उठला. आता बिर्गूच्या धक्क्यावर उभं राहून समोर बघा. समोरची उंच जागा शत्रूच्या हाती गेली तर काय होतं हे त्या लोकांनी चार महिने भोगलं होतं. पुढच्याच वर्षी, २८ मार्च १५६६ रोजी, पंथाचे प्रमुख, ग्रँड मास्टर जाँ द ला व्हॅलेट यांनी त्याच सोंडेवर नव्या शहराचा पाया घातला. हे वाक्य पुस्तकात वाचणं वेगळं आणि त्या काठावरून बघणं वेगळं.

व्हॅलेटाहून बिर्गूला जायला प्रवासी फेरी आहे. बंदराच्या पातळीवर उतरायला बराक्का बागेजवळ ५८ मीटर उंचीची लिफ्ट आहे, त्यामुळे जिने टळतात. रंगीत लाकडी होड्याही मिळतात, दिसायला देखण्या, पण त्यात उतरताना पाय हलत्या फळीवर टाकावा लागतो. बाबांसाठी फेरीच बरी. बिर्गूत दोन ठिकाणं पुरेशी: इन्क्विझिटरचा वाडा, जिथे धर्मन्यायासन चालायचं आणि कोठड्यांच्या भिंतींवर कैद्यांनी कोरलेल्या खुणा अजून आहेत, आणि दुसऱ्या महायुद्धात लोकांनी खडकात खोदलेली निवाऱ्याची भुयारं. सेंट अँजेलो किल्ल्यात चढ आहे. बाबांचा उत्साह बघून ठरवा.

एक गोष्ट मी गटाला नेहमी सांगते, कारण तिथल्या माहितीफलकांवर शौर्याचीच गोष्ट जास्त असते. हे नाइट जहाजं लुटायचे, माणसं पकडून गुलाम म्हणून वापरायचे आणि विकायचे, आणि व्हॅलेटात गुलामांसाठी वेगळा तुरुंग होता. समोरचे तुर्क आणि बर्बर चाचेही तेच करत होते. दोन्ही बाजू डोक्यात ठेवून हिंडलं की बेट जास्त खरं वाटतं.

चौथा दिवस गोझो या शेजारच्या बेटाला द्या. शेवटचा दिवस मुद्दाम नाही. गोझोला जायचं तर चिरकेव्वाहून इम्जारपर्यंत पंचवीसेक मिनिटांची फेरी आहे, आणि वारा जोराचा असला की बोटी थांबतात. मेमध्ये असं क्वचित होतं, पण दुसऱ्या दिवशी पहाटे विमान असताना मी तो धोका घेत नाही. तिकीट जाताना नाही, परत येताना घेतात, तेव्हा खिडकी शोधत बसू नका. व्हॅलेटाहून थेट जाणारी वेगवान बोटही आहे, पाऊण तासाची. तिला लाटांचा त्रास जास्त जाणवतो. आई-बाबांना बोट लागत असेल तर बसने चिरकेव्वापर्यंत जाऊन मोठी फेरी घ्या.

गोझोत जगान्तिया हे देऊळ आहे, साधारण इसवी सनापूर्वी ३६०० चं, म्हणजे इजिप्तच्या पिरॅमिडांहून पुष्कळ जुनं. काही भिंती अजून सहा मीटरपेक्षा उंच आहेत. एवढे धोंडे माणसांनी उचलले असतील यावर गावकऱ्यांचा विश्वास नव्हता, त्यांच्या गोष्टीत एक राक्षसीण कडेवर मूल घेऊन हे दगड वाहून आणते. दुसरं ठिकाण चित्ताडेल्ला, व्हिक्टोरिया गावाच्या मध्यावरचा गड. १५५१ मध्ये तुर्क आणि चाचे आले आणि गोझोची जवळजवळ सगळी वस्ती, पाच हजारांच्या आसपास माणसं, गुलाम करून घेऊन गेले. त्यानंतर कित्येक दशकं, १६३७ पर्यंत, बेटावरच्या लोकांनी रात्री गडाच्या आत येऊनच झोपायचं असा नियम होता. तटावरून चहूकडे शेतं आणि चर्चचे घुमट दिसतात. तिथे उभं राहून हा नियम आठवावा.

द्वेयराची अझ्युर विंडो म्हणून जी दगडी कमान तुमच्या यादीत सातव्या क्रमांकावर आहे ती ८ मार्च २०१७ रोजी वादळात समुद्रात कोसळली. काही सहल-जाहिरातींत तिचे फोटो अजून फिरतात. जागा सुंदर आहे, पण कमानीसाठी जाऊ नका. त्याऐवजी उत्तर किनाऱ्यावरची श्वेयनीची मिठागरं बघा. खडकातच कोरलेले चौकोनी वाफे आहेत, काही कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या तिथे मीठ काढतात. मेपासून काम सुरू असतं. वाफ्यांवर पाय देऊ नका, ते त्यांचं शेत आहे.

पाचव्या दिवशी व्हॅलेटा, आता पूर्ण तयारीने. सकाळी नऊला सेंट जॉन्स को-कॅथेड्रल. बाहेरून किल्ल्यासारखं रुक्ष, आत सोन्याने मढवलेलं. १५७० च्या दशकात जिरोलामो कासार यांनी बांधलं, आतलं छत मात्तिया प्रेतीने नंतर १६६० च्या दशकात रंगवलं. जमीन म्हणजे जवळजवळ चारशे रंगीत संगमरवरी समाध्या, एकेका नाइटची, त्यावर सांगाडे, ढाली, घराण्यांची चिन्हं. त्या वाचवण्यासाठी टोकदार टाचांच्या चपलांना मनाई आहे. खांदे झाकलेले हवेत. रविवारी पर्यटकांना प्रवेश नसतो, म्हणूनच मी आधी वार विचारले. तुमचा पाचवा दिवस रविवार पडत असेल तर तिसरा आणि पाचवा यांची अदलाबदल करू नका, त्याऐवजी कॅथेड्रल पहिल्या दिवशी संग्रहालयानंतर घ्या. क्रम थोडा मोडेल, बिघडणार नाही.

कॅथेड्रलच्या ओरेटरीत, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, काराव्हाज्जोचं ‘सेंट जॉनचा शिरच्छेद’ हे चित्र आहे, १६०८ चं, पाच मीटरपेक्षा रुंद. त्याने सही केलेलं हे एकच ज्ञात चित्र, आणि सही त्याने मानेतून वाहणाऱ्या रक्तात केलीये. खुनाचा आरोप डोक्यावर असलेला हा चित्रकार १६०७ मध्ये इथे आला, दुसऱ्या वर्षी नाइट झाला, काही आठवड्यांतच मारामारीत सापडून कैदेत गेला, आणि तिथून पळाला. त्याच वर्षी १ डिसेंबरला त्याला पंथातून बडतर्फ केलं, ते याच खोलीत, याच चित्रासमोर, त्याच्या अनुपस्थितीत. इथे घाई करू नका. बाकं आहेत, आई-बाबांना बसवा. पंधरा मिनिटं शांत बसलं की काळ्या रिकाम्या भागाचा अर्थ लागायला लागतो.

नंतर ताकद असेल तर ग्रँड मास्टरचा राजवाडा किंवा सेंट एल्मोतलं युद्धसंग्रहालय, दोन्ही नको. बाबांना महायुद्धात रस असेल तर सेंट एल्मो. तिथे जॉर्ज क्रॉस आहे, जो ब्रिटनच्या राजाने १५ एप्रिल १९४२ रोजी एका माणसाला नाही तर संपूर्ण बेटाला दिला. आजही तो माल्टाच्या झेंड्यावर आहे. त्याच्या आदल्याच आठवड्यात, ९ एप्रिलला, मोस्ताच्या चर्चचा घुमट फोडून एक बॉम्ब भाविकांच्या मधोमध पडला आणि फुटला नाही. मोस्ता तुमच्या यादीत आहे. गोझोच्या बसला जाता-येता अर्धा तास ठेवलात तर पुरे.

आपल्याशी असलेला एक धागा सांगते, बाबांना आवडेल. १८७८ मध्ये रशिया-तुर्कस्तान पेचात ब्रिटिश सरकारने सुमारे सात हजार हिंदी सैनिक मुंबईहून जहाजांनी इथे आणले होते, युरोपला धाक दाखवायला. सुएझ कालवा नुकता झाला होता, म्हणूनच ते शक्य झालं. त्यानंतरच्या दशकांत सिंधी व्यापारी व्हॅलेटात दुकानं टाकून बसले. आज बसचालकापासून हॉटेलच्या स्वागतकक्षापर्यंत भारतीय भेटतात, त्यामुळे अडलं तर हिंदीत विचारायला माणूस मिळतो.

राहायचं कुठे? व्हॅलेटात राहा असं मी एरवी सांगते, पण तुमच्या बाबतीत एक अट: इमारतीत लिफ्ट आहे का हे घरमालकाला लेखी विचारा. जुनी घरं उंच आणि अरुंद असतात, गोल दगडी जिना आणि तीन मजले ही नेहमीची गोष्ट. लिफ्ट नसेल तर सरळ स्लीमाला राहा, तिथून व्हॅलेटाला फेरीने दहाएक मिनिटांत पोचता. गाडी भाड्याने घेऊ नका. वाहतूक आपल्यासारखी डावीकडून आहे म्हणून मोह होतो, पण पार्किंगमध्ये अर्धा दिवस जातो. बस जवळजवळ सगळ्या व्हॅलेटाच्या वेशीवरून सुटतात. सात दिवसांचा पास मिळतो. दुपारी बस भरून येतात आणि थांबत नाहीत, तेव्हा परतीला ॲपवरची टॅक्सी घ्यायला कचरू नका. सरकारी वारसास्थळांचा एकत्रित पास घ्या, पण त्यात हायपोजियम नसतं आणि को-कॅथेड्रल वेगळ्या संस्थेचं आहे, हे ध्यानात ठेवा. साठीवरच्यांना सवलत असते, पासपोर्टची प्रत जवळ असू द्या. वाटाड्या घ्यायचा तर परवानाधारकच घ्या, त्यांच्याकडे ओळखपत्र असतं. मी स्वतः गटाबरोबर असते तेव्हाही देवळांसाठी आणि बिर्गूसाठी स्थानिक परवानाधारक घेते.

आईंच्या जेवणाची फार काळजी नको. पास्तित्सी नावाची खुसखुशीत पापुद्र्यांची करंजीवजा वस्तू कोपऱ्याकोपऱ्यावर मिळते, रिकोटा चीजची किंवा वाटाण्याची. फक्त पीठ कशात मळलंय हे विचारा, काही ठिकाणी प्राण्याची चरबी वापरतात. बिगिल्ला म्हणजे सुक्या ब्रॉड बीन्सची लसूण घातलेली चटणी, पावाबरोबर छान. फ्तिरा या पावात बहुतेक वेळा ट्यूना मासा भरतात, ‘ट्यूना नको’ हे मागवतानाच सांगा. इमारेत या खजूर भरलेल्या तळलेल्या वड्या गरम खाव्यात. सशाचं मांस हे इथलं मानाचं जेवण आहे, त्यामुळे मेन्यू नीट वाचा.

आता यादी कापू. कोमिनोची ब्लू लगून गाळा: सावली नाही, गर्दी प्रचंड, खडकावर उतरणं अवघड. पोपाय व्हिलेज गाळा, लहान मुलं बरोबर नाहीत. मार्साश्लोकचा रविवारचा मासळीबाजार गाळा. डोळे रंगवलेल्या होड्या बघायच्या असतील तर हाजार ईमनंतर जेवायला तिथे जा, मात्र रविवार सोडून. डिंगलीचे कडे इम्दिनाच्या वाटेवर आहेत, दहा मिनिटं थांबा. लास्कारिसची युद्धकक्षं आणि बिर्गूतली भुयारं यांपैकी एकच. बाकी समुद्रगुंफा, दुसरी-तिसरी चर्चं, महागड्या दुकानांचे रस्ते, हे सगळं आपोआप गळतं.

एक गोष्ट मात्र यादीत नाही आणि घालावी: फेस्ता. उन्हाळ्यात जवळजवळ प्रत्येक गाव आपल्या संताचा उत्सव करतं, रस्त्यावर मखमली पताका, दिव्यांच्या माळा, सकाळपासून दारूकामाचे बार, रात्री संताची मूर्ती खांद्यावरून मिरवणुकीत. गावोगाव वाद्यवृंदांची मंडळं असतात आणि एका गावात दोन असली तर त्यांच्यातली चुरस आपल्याकडच्या मानाच्या गणपतींच्या मंडळांना समजेल अशी. २०२३ मध्ये युनेस्कोने या गावउत्सवाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. मोसमाचा भर जून ते सप्टेंबर असतो, मे अखेरीस एखाद-दुसरा मिळतो. तुमच्या तारखांना कुठल्या गावात आहे हे हॉटेलवाल्याला विचारा आणि मिळाला तर त्या संध्याकाळचं बाकी सगळं रद्द करा. मुख्य रस्त्यावर एखाद्या बँड क्लबच्या दाराशी खुर्च्या मिळतात. बाबांना तिथे बसवा, ते स्वतःहून कुणाशी तरी बोलायला लागतील.

आज रात्री एवढंच करा: हायपोजियमची तारीख बघा. मिळाली तर ती सांगा, कुठला दिवस कुठे सरकवायचा ते मी लिहिते. नाही मिळाली तरी हरकत नाही. त्याच भागातलं तार्शिनचं देऊळ पहिल्या दुपारी घ्या, संग्रहालयातली मूळ शिल्पं सकाळीच पाहून झालेली असतील.